शंकेशिवाय सुट्टी नाही

गणिताच्या मास्तराकडे दोन गोष्टी न मागता साठतात. खिशात खडूचे तुकडे आणि डोक्यात किस्से. खडू बायको कपडे धुवायला टाकण्याआधी काढून फेकते, किस्से मात्र राहतात. आमच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत डबे उघडले की जो तो पोरांचे किस्से सांगायला लागतो. पोरगं काय बोललं, पेपरात काय लिहून आलं, कॉपी करताना कसं सापडलं! माझ्याकडेही ढीगभर आहेत. घोळ एवढाच, की माझ्या किश्शांत पोरं सापडत नाहीत, मी सापडतो. त्यामुळे सांगताना लोक हसतात आणि माझे कान तापतात.

तरी सांगतोच, कारण मनात ठेवून काही कमी होत नाही.

मी मोहिते. मूळचा कराडकडचा, राहायला खांदेश्वरला, आणि ऐरोलीतल्या एका शाळेत नववीला गणित शिकवतो. वर्गात निम्मी पोरं सेक्टरमधल्या सोसायट्यांतली, ज्यांचे आईवडील आयटीत. बाकीची खाडीकडच्या जुन्या गावातली आणि थोडी तुर्भ्याच्या वस्तीतली. गेल्या जूनमध्ये मोठ्या मॅडमनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मीटिंगमध्ये जाहीर केलं की यंदा मुलांच्या मनाची काळजी घ्यायला एक शिक्षक नेमायचा आहे. सगळ्यांनी पटापट माना खाली घातल्या. मी नेमका वर बघत होतो, कारण पंखा कुरकुरत होता.

"मोहिते सर, तुम्हीच घ्या हे. नाहीतरी मुलं तुमच्याच तासाला रडतात."

झालं! माझी नेमणूक झाली.

* * *

मी एकदा काम अंगावर घेतलं की हात धुऊन मागे लागतो. पहिल्याच आठवड्यात फळ्याच्या कडेला एक संख्यारेषा काढली. मधे शून्य, उजवीकडे पाचपर्यंत, डावीकडे उणे पाचपर्यंत.

"रोज तास सुरू झाला की प्रत्येकाने आपलं मन आज कितीवर आहे ते बोटांनी दाखवायचं. आनंदात असाल तर हात वर, उदास असाल तर हात खाली."

म्हटलं, एका दगडात दोन पक्षी. मुलांची मनंही कळतील आणि ऋण संख्यांची उजळणीही होईल! "सर, तुम्ही पण दाखवायचं," असं कुणीतरी ओरडलं, तेही मी मोठ्या मनाने मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी अथर्व उभा राहिला. अथर्व आमचा मॉनिटर. गणितात पैकीच्या पैकी, आणि कुणी न सांगता मदत करायची भारी हौस.

"सर, मी सगळ्यांची सरासरी काढली. वर्गाचं मन आज सव्वा आहे."

मी इतका खूश झालो की थेट ऑफिसात जाऊन मोठ्या मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सव्वा? पाचपैकी?"

"हो मॅडम."

"फारच कमी आहे हो. शुक्रवारी पालकसभा आहे. तोपर्यंत चारवर आणा."

आणि आलं की! शुक्रवारी सगळा वर्ग हात वर करून पाच-पाच बोटं दाखवत होता. एकाच पोराने हात खाली करून दोन बोटं दाखवली, तर मागच्याने त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

"ए, सरासरी पाडतोस काय!"

* * *

मग मी लाल पेनाच्या मागे लागलो. लाल शाईचं मुलांना टेन्शन येतं, असं कुठेतरी ऐकलं होतं. लगेच हिरवी पेनं आणली आणि चाचणीचे पेपर हिरवेगार करून वाटले. पंधरा दिवसांत एका आईचा फोन आला.

"सर, ते हिरवं बंद करा ना. आमच्याकडे पोरगा आता पालकची भाजी पण खात नाही."

हे मी परकार मॅडमना सांगितलं. परकार मॅडम मराठी शिकवतात, माहेर श्रीवर्धनकडचं. बाई बोलतात कमी, पण बोललेलं दोन दिवस लागून राहतं.

"मोहिते सर, पोरं रंगाला भीत नाहीत, तुमच्या 'पुन्हा सोडव'ला भितात. ते तुम्ही हळदीने लिहिलंत तरी भितील."

उरलेली पेनं फुकट जाऊ नयेत म्हणून मी हजेरीपटावर सही करायला वापरायला लागलो. तिसऱ्या दिवशी मोठ्या मॅडमनी बोलावून घेतलं.

"सर, अभिनंदन! हिरव्या शाईत सही करणारे गॅझेटेड ऑफिसर तुम्ही कधी झालात?"

* * *

सहामाहीच्या पेपराआधी पोरांचे चेहरे बघवेनात. म्हटलं, आधी मन शांत, मग पेपर. सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले. "दीर्घ श्वास घ्या. आता हळूहळू सोडा. खांदे सैल." नुसतं सांगून भागत नाही, आपणही करून दाखवावं लागतं, म्हणून मीही खुर्चीत बसून डोळे मिटले. आदल्या दिवशी पेपरांचे गठ्ठे बांधून दमलो होतो. त्यात खिडकीतून वारा येत होता.

डोळे उघडले तेव्हा समोर मोठ्या मॅडम होत्या. शेजारच्या वर्गातली मुलं निम्मा पेपर सोडवून बसली होती आणि आमचे पेपर अजून माझ्या मांडीवर होते. तेवढ्यात अथर्व मदतीला धावला.

"मॅडम, सर झोपलेले नाहीत. सर शांत झालेत."

परकार मॅडम अजून मला कॉरिडॉरमध्ये भेटल्या की विचारतात, "काय, शांत का आज?"

* * *

आता खरा किस्सा येतो, पण त्याआधी एक नियम सांगायला हवा. वर्गात शिकवून झालं की मास्तर विचारतो, "समजलं?" आणि वर्ग एका सुरात म्हणतो, "हो सर!" हे आपण सगळ्यांनी केलेलं आहे. त्या 'हो सर'मधे किती जणांना समजलेलं असतं हे मास्तरालाही ठाऊक असतं. मला ते मोडायचं होतं. म्हणून जुलैमध्ये मी जाहीर केलं, "इथून पुढे रोज एक तरी शंका आल्याशिवाय मी तास संपवणार नाही. आणि जो विचारेल त्याच्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या."

माझा तास मधल्या सुट्टीच्या आधीचा. आमच्या कॅन्टीनमध्ये समोसे मोजकेच येतात, आधी धावत येणाऱ्यांना मिळतात. त्यामुळे नियम ऐकल्यावर वर्गात शांतता पसरली. मला वाटलं, पोरं भारावलीत.

त्या दिवशी करणी शिकवत होतो, म्हणजे वर्गमुळांच्या चिन्हाखालच्या संख्या. शेवटी विचारलं, "शंका?" कुणी हलेना. मग तिसऱ्या बाकावरून एक हात वर आला. पूर्वाचा. खाडीकडच्या गावातली आगरी पोर, दोन वेण्या, आवाज ठणठणीत.

"सर, मना पयल्यापासूनच नाय समजला."

काही जण हसले. मी त्यांना थांबवलं. माझा ऊर भरून आला होता. इतकी खरी शंका मला आजवर कुणी विचारली नव्हती! मी खुर्चीत बसलो आणि म्हणालो, "चूक तुझी नाही बाळा, माझी आहे. मीच कमी पडलो." एवढ्यावर थांबावं ना? नाही. उठून फळ्याच्या कडेच्या संख्यारेषेवर बोट ठेवलं. "खरं सांगायचं तर माझं मन आत्ता उणे तीनवर आहे."

मग पहिल्यापासून सुरुवात केली. अगदी चौथीच्या गुणाकारापासून. घंटा झाली, मी थांबलो नाही. बाहेर पोरं धावत कॅन्टीनकडे गेली, आमचा वर्ग जागचा हलला नाही. सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा कुठे मी खडू खाली ठेवला. सगळा वर्ग पूर्वाकडे बघत होता आणि मी, आपण केवढे तळमळीचे शिक्षक, या विचारात दंग होतो.

"आता समजलं ना, पूर्वा?"

तिने वर्गाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"समजला सर. सगला समजला."

आणि मी तिथल्या तिथे माझं मन उणे तीनवरून अधिक चारवर नेलं!

* * *

दुसऱ्या दिवसापासून चमत्कार सुरू झाला. रोज एक शंका! तीही घंटेच्या अगदी आधी, नीट उभं राहून, स्पष्ट आवाजात. "सर, वर्तुळाला कोपरा का नसतो?" मी म्हणायचो, "सुंदर प्रश्न!" टाळ्या. "सर, शून्याचा शोध लागायच्या आधी शून्य मार्क मिळालेल्यांना काय लिहायचे?" टाळ्या. एकदा तर अथर्वने स्वतःच आदल्या दिवशी फळ्यावर सोडवलेल्या गणितावर शंका विचारली. मी वर्गाला सांगितलं, "बघा, याला म्हणतात नम्रता."

परकार मॅडमनी हे ऐकून डब्यातली कोलंबी खाता खाता विचारलं, "रोज एकच शंका? तीही वेळेवर? माझ्या तासाला शंका आल्या तर चार येतात, नाहीतर महिनाभर येत नाहीत."

मी मनात म्हटलं, जळतेय बाई!

डिसेंबरात वरचे साहेब शाळा बघायला आले. माझ्या वर्गात बसले, शंका ऐकली, टाळ्या ऐकल्या आणि भलतेच खूश झाले. मला वाशीला बाकीच्या शाळांतल्या शिक्षकांपुढे बोलायला बोलावलं. विषय, 'निर्भय वर्ग'. मी नवा शर्ट शिवला. तासभर बोललो. पूर्वाचं नाव न घेता तिचा किस्सा सांगितला, आवाज जरा कापरा करून. समोर एक-दोन बायकांनी डोळे पुसले. शेवटी उत्साहाच्या भरात म्हणालो, "आता एक तरी शंका आल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाही!"

मग मागून एका गुरुजींनी हात वर केला.

"सर, जेवण कुठल्या मजल्यावर आहे?"

* * *

एवढं सगळं चाललं असताना एक गोष्ट मला दिसत होती आणि मी तिच्याकडे बघत नव्हतो. पूर्वाला जुलैनंतर वर्गात एकदाही बोलताना मी ऐकलं नव्हतं. चाचण्यांत ती घसरत घसरत एक आकडी मार्कांवर आली. फेब्रुवारीत मोठ्या मॅडमनी मला बोलावलं.

"सर, हिला सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगू या का?"

सतरा नंबर म्हणजे दहावीला बाहेरून बसायचं. शाळेत यायचं नाही, शाळेच्या निकालात नाव नाही. कच्च्या मुलांना असं हलकेच बाहेर सरकवलं की शाळेचा निकाल चकाचक राहतो. मी म्हणालो, "मॅडम, मी आहे ना. मला वार्षिकपर्यंत वेळ द्या."

"दिला. गणितात पास झाली तर राहील."

त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. गावातलं तीन मजली घर, वरचे दोन मजले भाड्याने दिलेले. मी चेहरा इतका गंभीर करून गेलो होतो की वरच्या मजल्यावरचा भाडेकरू खाली येऊन हळूच विचारून गेला, "कुणी गेलं का?"

आतल्या खोलीतून पूर्वाचा आवाज येत होता. मामेबहिणीला फोनवर काहीतरी रंगवून सांगत होती आणि मधेच स्वतःच खो-खो हसत होती. मी जुलैपासून हा आवाज ऐकला नव्हता. मला पाहिलं आणि तो बंद झाला.

"सर, घरान तं ही बोलून बोलून माजा डोका खाते," तिची आई म्हणाली. "शालेन मुकी झाली का काय?"

मी सतरा नंबरचं शक्य तेवढ्या गोड शब्दांत सांगितलं. बाहेरून परीक्षा, अभ्यास घरी, ताण कमी, वगैरे. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे शालेतून काढतान."

"काढत नाहीत हो, फक्त बाहेरून..."

"म्हंजे काढतानच ना, सर."

तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण समोर आलं होतं, ते मी खाली मान घालून खाल्लं. निघताना पूर्वाला म्हणालो, "अगं, माझ्या वर्गात शंका विचारायला सगळ्यांना मोकळीक आहे. मग तू का विचारत नाहीस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पहिल्यांदाच त्या वर्गाबद्दल ऐकत होतो.

"सगल्यांना? म्हंजे मी बी इचारू?"

"अगं, तू तर सगळ्यात आधी!"

दारात चपला घालताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला, हे सांगायचीही आता चोरी वाटते.

* * *

दुसऱ्या दिवशी त्रिकोणमिती होती. शिकवून झालं, घड्याळात घंटेला थोडा वेळ होता. मी हात झटकले आणि नेहमीसारखं विचारलं, "शंका?"

पहिल्या बाकावरची ईशा उठून उभी राहिली. "सर, थीटाऐवजी दुसरं अक्षर घेतलं तर चालतं का?"

वर्गाने टाळ्या वाजवायला हात उचलले होते, तेवढ्यात मला तिसऱ्या बाकावर एक हात दिसला. पुरता वर गेलेला नव्हता. कोपराला दुसऱ्या हाताने आधार दिला होता.

"बोल पूर्वा!"

ती उभी राहायच्या आधी अथर्व मागे वळला. रागाने नाही, अगदी समजावणीच्या सुरात म्हणाला, "पूर्वा, हात खाली घे. आज ईशाचा नंबर आहे."

"कसला नंबर?" मी विचारलं.

अथर्व उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर लपवाछपवी अजिबात नव्हती. पालकसभेत आभार मानायला उठतो तसा उठला.

"सर, आम्ही डाउटचे नंबर लावलेत. जुलैपासून. म्हणजे रोज कुणीतरी विचारतंच, सुट्टी वेळेवर होते आणि तुम्हाला पण वाईट वाटत नाही. तुमचं मन एकदाही उणेमध्ये गेलं नाही, सर."

ईशा अजून उभीच होती. काही पोरं माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघत होती.

"मग पूर्वाचा नंबर कधी येतो?"

पहिल्यांदाच अथर्व जरा अडखळला.

"सर, पूर्वाचा नाहीये. ज्यांना समजतं, त्यांचेच नंबर लावलेत."

मला वाशीचा तो हॉल आठवला. डोळे पुसणाऱ्या बायका आठवल्या, माझा कापरा केलेला आवाज आठवला. लाज वाटली, असं नुसतं म्हणून भागणार नाही. त्या नव्या शर्टाचीसुद्धा लाज वाटली. इतके महिने रोज टाळ्या वाजत होत्या आणि एक पोर त्या सगळ्या टाळ्या वाजवत गप्प बसली होती. मुलांना रागवायला तोंड उघडलं, पण रागवणार कुणाला? त्यांनी तर माझी काळजी घेतली होती. मी पूर्वाची घेत होतो, त्याहून चोख.

घंटा झाली. बाहेर कॅन्टीनकडे पळणाऱ्या पोरांचा गलका सुरू झाला. आमच्या वर्गात कुणी जागचं हललं नाही.

पूर्वाने हात अजून खाली घेतला नव्हता.

"विचार, बाळा," मी म्हणालो.

"मोठा हाय, सर."

"असू दे. विचार."

ती उभी राहिली. आधी वर्गाकडे पाहिलं, मग फळ्याच्या कडेच्या संख्यारेषेकडे, आणि मग माझ्याकडे.

"आदी सांगा, सर. तुमचा मन आज कितीवर हाय?"